जिप्सी फक्त फोर-हायमध्येच चालतेय: मागचं डिफरन्शिअल खरंच गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००५ची जिप्सी किंग. ताम्हिणीहून परतताना चिखलाच्या चढावर मागून मोठा आवाज झाला. तेव्हापासून टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असताना, गिअर पडतो, इंजिन चालतं, पण गाडी जागची हलत नाही. फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर, टाकलं की चालते, म्हणून तशीच पुण्यापर्यंत आणलीत. मेकॅनिकने खालून पाहून सांगितलं की मागचं डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) गेलं, अख्खं हाउसिंगच (आतल्या गिअरसकट त्याचं कवच) बदलू, जुनं मिळतंय. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, गेले काही महिने साठच्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून घूंऽऽ असा सूर यायचा. दोन, पंक्चर झाल्यामुळे मागच्या एका बाजूला पंधरा दिवसांपासून स्टेपनी लावलेली आहे. चारही टायर २३५/७५चे आहेत आणि स्टेपनी मात्र जुन्या मापाची, २०५/७०. काय तुटलं हे उघडल्यावर अर्ध्या तासात कळेल. का तुटलं हे कळल्याशिवाय दुसरं काही बसवलंत, तर तेही त्याच वाटेने जाईल. म्हणून पैसे देण्याआधी गाडी उघडून घ्या.

फोर-हायमध्ये चालते आणि टू-हायमध्ये नाही, याचा अर्थ ट्रान्सफर केसपासून (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीपासून) मागच्या चाकांपर्यंत कुठेतरी साखळी तुटली आहे, इतकंच. ती मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (तिथून मागे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात तुटलेली असेल, क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या-लहान मुख्य गिअरच्या) दातांमध्ये असेल, आतल्या लहान गिअरमध्ये म्हणजे स्पायडरमध्ये असेल, किंवा नुसता एका बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट (चाकापर्यंत जाणारा दांडा) मोडला असेल. साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शिअलमध्ये एक अ‍ॅक्सल शाफ्ट मोडला तरी दुसऱ्या चाकाला काहीच जोर मिळत नाही, कारण सगळी ताकद मोकळ्या बाजूला फिरून वाया जाते. गाडी हुबेहूब तुमच्यासारखीच वागते. तसं निघालं तर डिफरन्शिअल शाबूत असू शकतं आणि खर्च एका शाफ्टचा, एका बेअरिंगचा आणि सीलचा. नुसतं खालून बघून यातलं नेमकं काय झालंय हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमचा मेकॅनिक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला अख्खं हाउसिंग बदलणं सोपं पडतं, त्यात सेटिंग करावं लागत नाही.

आता तपासणी. गाडी सपाट जागी घ्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. मागची दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सलच्या नळीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जायचं नाही. इथे गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीवर आणि हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. मागची साखळी तुटलेली असताना गिअर गाडीला धरून ठेवत नाही. पुढचे हब फ्री करा, म्हणजे पुढची चाकं त्यांच्या शाफ्टपासून सुटी होतील.

ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्ट फिरताना मध्ये अडकला, कट-कट झालं, तर क्राउन-पिनियनचे दात गेले असण्याची शक्यता जास्त. शाफ्ट लोण्यासारखा फिरला आणि दोन्ही चाकं ढिम्म राहिली, तर अ‍ॅक्सल शाफ्ट किंवा स्पायडर. मग ट्रान्सफर टू-हायला आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट धरला जाईल. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट आणि स्पायडर जोडलेले आहेत आणि दोष क्राउन-पिनियनच्या बाजूला आहे. एक फिरलं आणि दुसरं हललंही नाही, तर तुटलंय ते दोन चाकांच्या मधे, म्हणजे शाफ्ट किंवा स्पायडर. या दोन चाचण्यांना एक पानाही लागत नाही, आणि तरी बहुतेक वेळा त्या कोणी करत नाही.

पुढची पायरी ऑइल. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या. आधी वरचा, ऑइल भरायचा प्लग सैल करा आणि मगच खालचा ड्रेन उघडा. वरचा प्लग जाम निघाला आणि खालून सगळं सोडून दिलेलं असलं, तर नवीन ऑइल भरायचं कसं हा नवाच प्रश्न उभा राहतो. ऑइल स्वच्छ, पसरट ट्रेमध्ये घ्या आणि जुन्या सुती कापडातून गाळा. तळाशी लोहचुंबक फिरवा. चुंबकावर बोटाला काजळासारखी लागणारी बारीक पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, घाबरायचं कारण नाही. सुईसारखे तुकडे, चमकणारे पापुद्रे किंवा डाळीएवढे कपचे निघाले तर आत काहीतरी फुटलंय. पापुद्रे सहसा बेअरिंगच्या रोलरचे किंवा त्याच्या वाटीचे असतात. एका बाजूला जुना घासलेला चकचकीत भाग आणि दुसऱ्या बाजूला ताजी, राखाडी, खरखरीत मोड असा जाड तुकडा मिळाला तर तो दात समजा.

ऑइलचा रंगही बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. मुळशी-वेल्ह्याकडे ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांमध्ये हे सारखं सापडतं. चालून तापलेला अ‍ॅक्सल एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. हाउसिंगवरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा आत यायला वाट उरत नाही, मग सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर ही छोटीशी टोपी आहे, सर्व्हिसिंगमध्ये कोणी तिच्याकडे बघत नाही. काढून फुंकर मारा, हवा गेली पाहिजे. पाण्यातून नेहमी जात असाल तर त्याला रबरी नळी जोडून तोंड वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या.

आणि किती निघालं तेही मोजा. या गाडीत मागे साधारण दीड लिटर ऑइल असतं. त्यातलं निम्मंच निघालं, तर महिनोन्महिन्यांचा तो घूं आवाज कुठून येत होता याचं निम्मं उत्तर हाती आलं. पिनियनच्या सीलभोवती, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो तिथे, ऑइलने भिजून चिखलाचा जाड थर चिकटलाय का बघा. ड्रमच्या आतून ओल येत असेल तर अ‍ॅक्सलचं सीलही गेलंय, आणि मग ब्रेकचे लायनरही पाहावे लागतील. ऑइलने भिजलेले लायनर डिझेलने धुऊन परत बसवणारे आहेत. तसं करू देऊ नका, बदलायला लावा.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण एका आवाजावरून सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ भेटतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येणारा आणि पाय सोडला की बदलणारा सूर क्राउन-पिनियनकडे किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. दाबा-सोडा, काही फरक नाही, फक्त वेगाप्रमाणे वाढतो, तर चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शिअलच्या बाजूची बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली आणि एका बाजूला आवाज वाढला, तर चाकाचं बेअरिंग जवळजवळ नक्की. फक्त वळणावर ठक-ठक असेल तर स्पायडर. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर आलं की सूर बदलला तर तो टायरचा, आणि जाड नक्षीचे टायर चांगलेच गुणगुणतात. तुमचा आवाज अ‍ॅक्सिलरेटरशी बांधलेला होता, म्हणून माझा संशय पिनियनच्या बेअरिंगवर. बेअरिंग सैल झालं की पिनियन मागे-पुढे सरकतो, दात ठरलेल्या जागी न भिडता कडेला भिडतात, आणि मोठ्या जोराच्या वेळी कडेचा दात सुटतो.

आता त्या स्टेपनीकडे येऊ. २०५/७०चा टायर उंचीला साधारण ६६८ मिमी आणि २३५/७५चा साधारण ७३३ मिमी, म्हणजे जवळपास दहा टक्के फरक. सरळ रस्त्यावर स्पायडर गिअर आपल्या पिनभोवती जवळजवळ फिरतच नाहीत, फक्त वळणावर थोडे फिरतात. त्यांना बेअरिंग नसतं, पिनवरच घासतात, आणि ऑइलच्या उडणाऱ्या शिंतोड्यांवर जगतात. तुमच्या गाडीत एक मागचं चाक लहान असल्यामुळे ते पंधरा दिवस प्रत्येक किलोमीटरला, सरळ रस्त्यावरसुद्धा, सतत फिरत होते. त्यात ऑइल कमी असेल तर पिन तापून गिअर तिला चिकटतो आणि पिन मोडते. घाटात पावसामुळे तुम्ही फोर-हाय लावूनच ठेवलं होतं असंही लिहिलंय. जिप्सीला पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, आणि तुमच्या बाबतीत तर मागच्या दोन चाकांची सरासरीच पुढच्यांपेक्षा वेगळी होती. हा फरक चिखलात चाकं घसरून निघून जातो. डांबरावर, मग ते ओलं का असेना, तो शाफ्टमध्ये आणि दातांमध्ये पीळ म्हणून साचत राहतो. लिव्हर फोर-हायमधून काढताना अडत होता का, आठवून बघा. अडत असेल तर तो हाच पीळ.

म्हणून, उघडून न पाहता अंदाज सांगायचा तर मी पहिला नंबर स्पायडरच्या पिनला देईन, दुसरा अ‍ॅक्सल शाफ्टला आणि तिसरा क्राउन-पिनियनला. ऑइलमध्ये दात सापडला तर हा क्रम अर्थातच बदलेल.

जिप्सीचं एक बरं आहे. काही गाड्यांमध्ये मागे झाकण असतं आणि सगळं सेटिंग गाडीखाली झोपून हाउसिंगमध्येच करावं लागतं. हिच्यात दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला आणि पुढच्या बाजूचे नट काढले, की क्राउन-पिनियनसकट अख्खा कॅरिअर हातात येतो. तो टेबलावर ठेवून निवांत काम करता येतं. त्यामुळे हाउसिंग वाकलेलं, तडकलेलं किंवा बेअरिंगच्या जागी झिजलेलं नसेल तर ते बदलायचं काहीच कारण नाही.

शाफ्ट मोडलेला निघाला तर मोडलेलं टोक फेकू नका. त्याचं तोंड उजेडात धरून बघा. एका कडेपासून सुरू होऊन आत सरकत गेलेल्या वक्र रेषा, तो भाग गुळगुळीत आणि काळपट, आणि उरलेला थोडासा भाग खरखरीत व ताजा, असं दिसलं तर चीर जुनी होती; ताम्हिणीच्या चढावर फक्त शेवटचा धागा तुटला. अशा वेळी हाउसिंग वाकलंय का हे तपासायलाच हवं. नवा शाफ्ट हाताने सरकवून आतल्या गिअरच्या स्प्लाइनमध्ये (खाचांमध्ये) सहज बसला पाहिजे. हातोडा मारावा लागत असेल तर नळी सरळ नाही. त्याउलट मोड सगळीकडे ताजी असेल आणि स्प्लाइनच्या रेषा मळसूत्रासारख्या पिळलेल्या दिसल्या, तर एका झटक्यात जास्त जोर आला. मोठे टायर तेच करतात. टायरची उंची दहा टक्के वाढली की पकड सुटेपर्यंत शाफ्टवर येणारा पीळही साधारण तेवढाच वाढतो. आणि शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला मोडला असता तर या गाडीत चाकच निघून गेलं असतं. पुण्यापर्यंत सुखरूप आलात, पण आता दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका, मागची चाकं उचलूनच ओढून न्या. आत तुकडा असेल आणि तो दातांत अडकला तर मागची चाकं धावत्या गाडीत जाम होतात.

क्राउन-पिनियन बदलायची वेळ आली तर काम कसं होतंय यावर सगळं अवलंबून आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनेच येतात. एकाचा दात गेला म्हणून एकच बदलणं चालत नाही. दात मोजा. ३७ भागिले ९ म्हणजे ४.११, आणि ४३ भागिले ११ म्हणजे ३.९१. जुन्या ४१० मॉडेलची आणि किंगची जोडी एकच असेल असं धरून चालू नका. मागे ४.११ आणि पुढे ३.९१ असं बसलं तर टू-हायमध्ये कळणारही नाही, पण फोर-हायमध्ये पाच टक्क्यांचा फरक म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५० मीटरची ओढाताण. पुढचंही तपासूनच जोडी घ्या.

खोलताना बाजूच्या बेअरिंगच्या कॅपवर पंचने डावी-उजवी खूण करायची, कारण त्या आपापल्या जागीच बसतात. पिनियनच्या दोन बेअरिंगमधला दबणारा स्पेसर दर वेळी नवीन. पिनियनचा नट थोडा थोडा आवळत जायचा आणि दर वेळी फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. फ्लँजला (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीला) दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढलं तरी चालतं, पिनियन फिरत असतानाचं रीडिंग घ्यायचं. ठरलेल्या मापाच्या पुढे गेलं की नट मागे सोडून भागत नाही, कारण स्पेसर दबला तो दबला. नवीन घालून पुन्हा सुरुवात. याच जागी घाई होते आणि दोन महिन्यांत तोच घूं परत येतो.

मग बाजूच्या अ‍ॅडजस्टरने क्राउन जवळ-दूर करून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) लावायचा आणि डायल गेजने मोजायचा. बहुतेक अशा अ‍ॅक्सलमध्ये तो ०.१० ते ०.२० मिमीच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते अंतिम. क्राउनवर चार जागी मोजा, एकाच जागी नाही. शेवटी काही दातांना मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा रंग) लावून, क्राउनला हाताने थोडा अडवून दोन्ही दिशांना फिरवायचं. ठसा दाताच्या मधोमध हवा. दाताच्या टोकाकडे आला तर पिनियन लांब आहे, त्याच्या डोक्यामागचा शिम (अंतर ठरवणारी पातळ चकती) जाड करायचा. मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करायचा. हा ठसा येईपर्यंत पिनियन दोन-तीनदा खोलावा लागतो. त्यात दिवस जातो, आणि मजुरी त्याचीच असते. मोबाइलवर त्या ठशाचा फोटो मागा. जो मनापासून काम करतो तो आनंदाने देतो.

जुनं घ्यावं का? परिस्थितीवर आहे. डायल गेज असलेला आणि सेटिंगचा सराव असलेला माणूस मिळत नसेल, तर चांगला जुना कॅरिअर, कारखान्याच्या सेटिंगला हात न लागलेला, हा वाईट पर्याय नाही. नाना पेठेत चौकशी करा; लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचे भागही मिळतात. पण हाउसिंगमध्ये बंद असलेलं घेऊ नका. कॅरिअर बाहेर काढून दाखवायला सांगा, दात मोजा, प्रत्येक दातावरून बोट फिरवा, पिनियनचा फ्लँज धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. आत-बाहेर जरासुद्धा प्ले जाणवला तर सोडून द्या. फक्त पिन आणि स्पायडर गेले असतील आणि क्राउन-पिनियन सुस्थितीत असेल, तर तुमचंच दुरुस्त करा. बेअरिंग आणि सील मात्र सगळी नवीन.

नवीन ऑइल भरण्याआधी हाउसिंगच्या दोन्ही नळ्या डिझेलने धुऊन कापडाने पुसून घ्या, तुकडे तिथेच लपून बसतात. ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं. गिअरबॉक्सला जे चालतं ते इथे चालेलच असं नाही. क्राउन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवर सरकत भिडतात, त्यांना जीएल-५मधली रसायनं लागतात. हेच ऑइल गिअरबॉक्समध्ये घातलं तर तिथल्या पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो, म्हणून दोन्हीकडे एकच डबा वापरू देऊ नका. गाडी सपाट उभी असताना वरच्या भोकाच्या काठापर्यंत भरलं की पुरे.

नवी जोडी बसवली असेल तर पहिले काही दिवस गाडी ओझ्याशिवाय आणि मध्यम वेगाने चालवा. पहिल्यांदा वीसेक किलोमीटर गेलात की थांबून हाउसिंगजवळ हात नेऊन बघा. गरम लागणं ठीक, पण हात ठेवताच येत नसेल तर गाडी परत न्या. ५०० किलोमीटरला ऑइल बदला आणि तेही गाळून चुंबक फिरवा. आणि स्टेपनी चार चाकांच्याच मापाची घ्या. ती येईपर्यंत पंक्चर झालंच, तर २०५चा टायर पुढच्या चाकाला लावा, पुढचा २३५चा मागे आणा, हब फ्री ठेवा आणि टू-हायमध्येच घरी या. हब फ्री असताना पुढचं डिफरन्शिअल चाकांबरोबर फिरत नाही, त्यामुळे त्याला काही होत नाही.

ऑइल गाळल्यावर काय निघालं आणि दुसरं चाक उलटं फिरलं की नाही, हे दोन्ही लिहा. तुकड्यांचा फोटो नाण्याशेजारी ठेवून काढलात तर आकार कळेल, आणि मग काय मागवायचं ते नक्की सांगता येईल.